बँकेची नाडी

एखादी बँक धडधाकट आहे की नाही, हे ओळखायचं कसं? सप्टेंबर 2019 मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले आणि सुरुवातीला खातेदारांना सहा महिन्यांत फक्त 1000 रुपये काढता येतील असं कळलं, तेव्हापासून हा प्रश्न आमच्याकडे अधूनमधून निघतोच. माझ्या आत्याला पेन्शन नाही. ठेवींच्या व्याजावर तिचं घर चालतं. "तू एवढे आकडे वाचतेस, मग सांग की कुठली बँक चांगली," असं ती म्हणते.

आकडे आहेत हो, भरपूर आहेत. रिझर्व्ह बँक 2010 पासून वित्तीय स्थैर्य अहवाल काढते. त्यात आधी बघायचं ते थकीत कर्जांचं प्रमाण. हप्ता 90 दिवसांपेक्षा जास्त थकला की ते कर्ज 'अनुत्पादक'. मग बघायचं, बुडीत झेलायला बँकेचं स्वतःचं भांडवल किती.

पण गंमत अशी, की इथे ताप मोजून सांगतो तो रोगीच! मार्च 2015 मध्ये आपल्या व्यापारी बँकांची थकीत कर्जं 4.3 टक्के दिसत होती. मग रिझर्व्ह बँकेने स्वतः खाती तपासायला घेतली, 'पुनर्रचने'च्या पांघरुणाखालची कर्जं उघडी पडली आणि मार्च 2018 पर्यंत आकडा 11 टक्क्यांच्या वर गेला. आजार बराचसा जुनाच होता, थर्मामीटर तेवढा नीट लागला. मार्च 2025 मध्ये हेच प्रमाण 2.3 टक्क्यांवर उतरलं. त्यात वसुली आहे, तशी निर्लेखित करून वहीतून काढलेली कर्जंही आहेत.

आणि ही झाली देशाची सरासरी. वर म्हटलेल्या त्या सहकारी बँकेची सत्तर टक्क्यांहून जास्त कर्जं एकाच बांधकाम समूहाकडे होती, हजारो खोट्या खात्यांआड लपवलेली. कुठल्या सरासरीत ते दिसणार?

म्हणून आत्याला मी 'चांगली बँक' सांगत नाही. एवढंच सांगते, की फेब्रुवारी 2020 पासून ठेवींचा विमा एका बँकेत एका माणसाला व्याज धरून 5 लाखांपर्यंत आहे, तर पैसे त्या हिशेबाने वाटून ठेव. पतसंस्थेला हा विमा नाही, मग व्याज कितीही जास्त मिळो.

असो. देशाची तब्येत मोजणारे मोजोत, ती मोजायलाच हवी. पण ज्याची सगळी पुंजी एकाच पासबुकात आहे, त्याच्यासाठी सरासरी नावाची गोष्टच नसते.