कोना पोऱ्या शे रे तू?

साक्री तालुक्यात आमच्या लहानपणी शाळेपासून घर लांब नव्हतं, तरी पोचायला उशीर व्हायचा. वाटेत माणसं फार. ओट्यावरचा म्हातारा, गिरणीवर दळण घेऊन थांबलेली बाई, सायकल दुरुस्तीवाला, जो तो हटकायचा: "कोना पोऱ्या शे रे तू? आठे काय करी ऱ्हायना?" नदीकडे वळलो तर ती बातमी आमच्या आधी घरी पोचायची. आम्ही वैतागायचो. पण पोरं सगळ्या गावाच्या नजरेखाली होती आणि तो पहारा कुठल्या सरकारने नेमलेला नव्हता.

सुगी आटोपली की डवरी गोसावी यायचे. भगवे कपडे, गळ्यात माळा, हातात डवर. आजी पसाभर दादर ज्वारी त्यांच्या झोळीत घालायची, पाणी द्यायची आणि कुठून आलात, औंदा पाऊस कसा झाला तिकडे, अशी चौकशी करत बसायची. जेवायला कुरकुर केली की "झोळीवाल्याला देऊन टाकीन" असा दम हीच आजी द्यायची. आणि गावाबाहेर त्यांची पालं पडली की आम्ही पोरं तिथेच खेळायला जायचो. कुणी अडवत नसे.

त्याच साक्री तालुक्यात, राईनपाड्याला, 1 जुलै 2018 रोजी नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं मारली गेली. रविवार होता, आठवडे बाजाराचा दिवस. मंगळवेढ्याकडून भिक्षेसाठी आलेली ही माणसं. पोरं पळवणारी टोळी फिरतेय, ही अफवा आधीपासूनच मोबाइलवर होती. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून त्यांना जीव जाईपर्यंत मारलं. मारणारे होते, बघणारे होते आणि मोबाइल उंच धरून चित्रण करणारेही होते. कुठून आलात, हा आजीचा साधा प्रश्न त्या दिवशी उत्तर ऐकण्यासाठी कुणी विचारला नाही. त्याच रात्री मालेगावात अशाच संशयावरून जमावाने घेरलेल्या पाच जणांना पोलिसांनी सोडवलं, म्हणजे वेळेवर कुणी पोचलं तर माणसं वाचतात.

पुढे व्हॉट्सॲपने एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. सर्वोच्च न्यायालयाने त्याच जुलै महिन्यात झुंडबळी रोखण्यासाठी जिल्ह्याजिल्ह्यात जबाबदार पोलीस अधिकारी नेमायला सांगितलं. आपण मात्र हळहळलो आणि आपापल्या कामाला लागलो. त्या जमावाला पोरांची काळजी होती असं मी मानत नाही. काळजी असणारा माणूस दुसऱ्या दिवशी ठाण्यात जाऊन विचारतो की तालुक्यातून खरोखर किती मुलं हरवली आणि त्यांचा तपास कुठवर आला. 18 वर्षांखालचं मूल हरवलं तर अपहरण गृहीत धरून गुन्हा नोंदवावा, असं सर्वोच्च न्यायालयाने 2013 सालीच सांगून ठेवलंय. ते आपल्यातल्या किती जणांना ठाऊक आहे?

जुन्या काळाला मी मुलामा देत नाही. 1994 साली जळगावात शाळा-कॉलेजातल्या मुलींना ब्लॅकमेल करून त्यांचं शोषण झाल्याचं उघडकीला आलं, राजकारणातल्या माणसांची नावं आली, राज्य हादरलं. आणि घराघरांत लग्नाच्या काळजीने तोंडं मिटली, तक्रार द्यायला कुणी पुढे येईना. म्हणजे त्या पहाऱ्यालाही आंधळी बाजू होती. पोराला हटकणारं गाव पुढाऱ्याला हटकत नव्हतं. ते आजही हटकत नाही.

2023 साली भडगाव तालुक्यात गोंडगावला लहान मुलगी मारली गेली, आणि पकडला गेला तो गावातलाच तरुण. कुणी परका झोळीवाला नव्हता. मोर्चे निघाले, निवेदनं दिली गेली, मग कापूस वेचणीचे दिवस आले. 2025च्या मार्चमध्ये केंद्रीय राज्यमंत्री रक्षा खडसे यांना मुक्ताईनगरच्या ठाण्यात जावं लागलं, यात्रेत आपल्या मुलीची छेड काढली गेली म्हणून. सोबत सुरक्षारक्षक असतानाही टवाळखोर हटले नव्हते. सत्तेतल्या आईची ही गत, तर पायी शाळेत जाणाऱ्या मुलीने कुणाकडे बघायचं? हा प्रश्न त्या आठवड्यात प्रत्येक चहाच्या टपरीवर होता. पुढच्या आठवड्यात तिथे केळीच्या भावाची चर्चा होती.

मुलांच्या सुरक्षेसाठी कागदावर आज तेव्हापेक्षा पुष्कळ आहे. 1098 ही हेल्पलाइन आहे. मार्च 2022 पासून शाळांसाठी सखी सावित्री समिती आहे. ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरच्या शाळेतला अत्याचार उघडकीला आल्यावर शाळांना सीसीटीव्ही सक्तीचे झाले. शाळा व्यवस्थापन समितीत तर तीन चतुर्थांश पालकच असतात. आमच्याकडे त्या समितीच्या बैठकीला बाई, मुख्याध्यापक आणि चुकून एखादा बाप हजर असतो. राहिलेल्यांच्या सह्या घ्यायला रजिस्टर घरोघरी फिरतं आणि आपण मोबाइलवरून नजर न काढता, काय ठराव झाला तेही न विचारता, दाखवलेल्या जागी सही करतो.