मळलेली वाट

वाट पडते, वाट मळते आणि वाट मोडते. मराठीने वाटेला दिलेली ही क्रियापदं रस्त्याला लागत नाहीत. रस्ता बांधतात, उखडतात आणि पुन्हा बांधतात, बहुधा पावसाळ्याच्या तोंडावर. वाट मात्र पायांनी जन्मते आणि पाय थांबले की गवतात बुडून जाते. ऑस्ट्रेलियातल्या रानवाटांचा इतिहास या क्रियापदांनी जितका उलगडतो, तितका निसर्गप्रेमाच्या भाषेने उलगडत नाही. तिथे पाठीवर तंबू आणि शिधा घेऊन नदीकाठाने, जंगलातून, किनाऱ्याने दिवसेंदिवस चालण्याला ‘बुशवॉकिंग’ म्हणतात. ‘बुश’ म्हणजे झुडूप नव्हे. गाव आणि शेत वगळून उरलेलं सगळं रान. 1927 मध्ये ‘सिडनी बुश वॉकर्स’ हे मंडळ निघालं आणि हा शब्द रुळला. वरवर पाहता हा सुट्टीचा छंद. पण रानाला जो वाली लागतो, तो या छंदाने तयार केला, असं माझं म्हणणं आहे. वाट मळली म्हणजे त्या जागेबद्दल भांडायला माणसं तयार झाली.

1931 च्या ईस्टरच्या सुट्टीत ब्लू माउंटन्समधल्या ग्रोस नदीच्या खोऱ्यात काही भटके उतरले होते. ब्लू गम जातीच्या उंच, गुळगुळीत खोडांच्या निलगिरींखाली त्यांना त्या जमिनीचा पट्टेदार भेटला. झाडं काढून अक्रोडाची बाग लावायचा त्याचा बेत होता. कायद्याने त्याचं काहीच चुकत नव्हतं. भटक्यांनी त्याच्याशी घासाघीस केली, वर्गणी जमवली, कर्ज घेतलं आणि 130 पौंड मोजून त्याचा हक्क सोडवला. 1932 मध्ये ते 40 एकर रान राखीव झालं. चालणं ही रिकामटेकड्या श्रीमंतांची चैन, असं म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं, की हे महामंदीचे दिवस होते आणि पैसे उसने आणावे लागले होते. पण मला महत्त्वाची वाटते ती भेट. त्या खोऱ्यात कोणी पायी उतरतच नसतं, तर पट्टेदाराला अडवायला कोण होतं? याच पिढीतला माइल्स डन्फी 1914 पासून सोबत्यांसह हे डोंगर तुडवत होता आणि नकाशे काढत होता. आपण ज्याला सातबारा म्हणतो, तोच जणू त्याने अख्ख्या डोंगररांगांचा उतरवला आणि मालकाच्या रकान्यात जनतेचं नाव घातलं. ब्लू माउंटन्स राष्ट्रीय उद्यान व्हायला 1959 साल उजाडलं, पण त्यामागचा दावा नकाशावर कितीतरी आधी मांडला गेला होता.

यावर कोणी टास्मानियातल्या पेडर सरोवराचं उदाहरण देईल आणि ते द्यायलाच हवं. त्याचा रुंद, फिकट गुलाबी वाळूचा किनारा भटक्यांच्या जिवाभावाचा होता. त्यांनी मोर्चे काढले, अर्ज केले, तरी 1972 मध्ये वीजप्रकल्पाच्या पाण्याने मूळ सरोवर गिळलं. मग पायांची मातब्बरी ती काय राहिली? माझं उत्तर असं, की पेडरपर्यंत पोचणारे पाय फार थोडे होते. एक तर खडतर चाल, नाहीतर वाळूवर उतरणारं छोटं विमान. बाकीच्यांसाठी ते नकाशावरचं एक नाव होतं. दहा वर्षांनी फ्रँकलिन नदीवर धरणाची पाळी आली, तेव्हा ही उणीव भरून काढली गेली. पीटर डोंब्रोव्स्किसने काढलेलं नदीच्या एका वळणाचं धुक्यातलं छायाचित्र 1983 च्या निवडणुकीआधी वर्तमानपत्रांत छापलं गेलं. त्याच वर्षी जुलैमध्ये उच्च न्यायालयाचा निकाल चार विरुद्ध तीन अशा काठावरच्या मतांनी लागला आणि धरण थांबलं. नदी छायाचित्राने वाचवली, पावलांनी नव्हे, असं म्हणता येईल. पण त्या वळणापर्यंत मोटार जात नव्हती. कोणीतरी ओझं वाहून, प्रवाहातून वाट काढत तिथवर गेलं, म्हणून घरबसल्या लाखोंना ते दिसलं.

पाय रान राखतात तसे तुडवतातही, हा आक्षेप अधिक टोकदार आहे. टास्मानियाच्या 65 किलोमीटरच्या ओव्हरलँड ट्रॅकवर चिखल चुकवायला जो तो बाजूने चालू लागला, की एका वाटेच्या पाच होतात. म्हणून तिथे मैलोगणती फळ्या टाकल्या आहेत. ऑक्टोबर ते मे या हंगामात नाव नोंदवून, शुल्क भरून आणि उत्तरेकडून दक्षिणेकडेच चालावं लागतं. ‘फायटोफ्थोरा’ नावाचा मुळं कुजवणारा रोग बुटांच्या चिखलातून पसरतो आणि बँक्सियासारखी झाडं मारतो, म्हणून वाटेच्या तोंडाशी बूट घासून धुण्याची सोय असते. रानात जाताना रांग, पावती आणि ब्रश! हे काहींना हास्यास्पद वाटतं. मला वाटत नाही. देवळात शिरताना पाय धुणाऱ्यांना तर ते मुळीच वाटू नये.

खरी अडचण निराळी आहे. डन्फीच्या त्या सातबाऱ्यावर मूळ मालकाचं नावच नव्हतं. ‘निर्मनुष्य रान’ ही बुशवॉकिंगची लाडकी कल्पना. पण ते रान निर्मनुष्य नव्हतं, तिथली माणसं हुसकली गेली होती. व्हिक्टोरिया राज्याच्या नैर्ऋत्य टोकाला पोर्टलंड गाव आहे. तिथून निघून, कोबोबूनीच्या जंगलातून ग्लेनेल्ग नदीच्या काठाकाठाने नेल्सनपर्यंत आणि मग डिस्कव्हरी बेच्या लांबलचक वाळूवरून, कडे ओलांडत पुन्हा पोर्टलंडला आणणारी सुमारे 250 किलोमीटरची वर्तुळाकार वाट आहे, ‘ग्रेट साउथ वेस्ट वॉक’. नर्मदा परिक्रमेसारखी निघाल्या जागी परत आणणारी. नदी, रान आणि समुद्र एकाच फेरीत देणारी ही वाट गावकऱ्यांनी आणि शाळेच्या मुलांनी राबून काढली, 1981 मध्ये ती खुली झाली आणि आजही स्वयंसेवकच ती मोडू देत नाहीत. माझ्या म्हणण्याला याहून चांगला पुरावा नाही, आणि तोच इथे अपुरा पडतो. कारण हा गुंडिट्जमारा लोकांचा प्रदेश. जवळच्या बज बिम इथे त्यांनी लाव्हाच्या दगडांत चर आणि बांध घालून ईल माशांची शेती केली. ती सुमारे 6,600 वर्षं जुनी आहे आणि 2019 मध्ये जागतिक वारसा ठरली. वाट मळवणाऱ्याचा जागेवर हक्क, हा माझा युक्तिवाद खरा असेल तर सगळ्यात मोठा हक्क यांचाच निघतो, आणि ते मला मान्य करावंच लागतं. न्यायालयाने तो हक्क मान्य केला 2007 मध्ये. तेव्हा ग्रेट साउथ वेस्ट वॉकला 25 वर्षं होऊन गेली होती.