अमरवेल, आमच्या कुंपणावर!

अमरवेल! इतकी वर्षं नुसतं नाव ऐकलेलं, आणि ती चक्क इथे, सुरतच्या नवागामात, सोसायटीच्या ड्युरांटाच्या कुंपणावर! लांबून वाटतं, कुणी पिवळ्या लोकरीचा गुंता झुडपावर भिरकावलाय. जवळ जाऊन पाहा. हिरवं पान औषधालाही नाही. मूळ कुठाय म्हणून दोरा धरून खाली जावं, तर तो जमिनीपर्यंत पोचतच नाही!

शेजारच्या काकू मूळच्या धुळ्याकडच्या. "अहो, आमच्याकडे बांधावरच्या बोरीवर असायची ही," त्या सहज बोलून गेल्या. मी मात्र भिंग घेऊन तिथंच बसलो. काडीभोवती घट्ट वेढे, आणि वेढ्याच्या आतल्या अंगाला, सालीला टेकलेली बारीक फोडांची ओळ. नखाने वेढा सोडवू गेलो तर सुटेना. हीच तिची शोषक मुळं! साल भेदून ती आत शिरतात आणि झाडाचं पाणीही ओढतात, तयार अन्नही. पक्की खूण हीच. गुळवेलीचेही दोरे झाडावरून लोंबतात, पण तिला छान पानं असतात, दोरे ती जमिनीकडे सोडते आणि झाडाचा घेते तो फक्त आधार.

मग वाचत सुटलो. हिचं कूळ रताळ्याचं! बी रुजतं मातीतच. कोवळा कोंब झुलत झुलत झाड शोधतो, काही दिवसांत सापडलं नाही तर मरतो. सापडलं की मातीतलं मूळ वाळून जातं. आणि शोधतो कसा? वासावरून! अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी २००६ साली दाखवून दिलं, की अमरवेलीच्याच गोतातल्या एका जातीचा कोंब टोमॅटोच्या वासाकडे वळतो. गव्हापेक्षा त्याला टोमॅटोच पसंत! वनस्पतीला वास कळतो, हे वाचून मी ते पान पुन्हा पुन्हा वाचलं.

कुंपण वाचवायचं तर नुसती ओढून भागत नाही, राहिलेल्या तुकड्यातून ती परत फुटते. बी धरायच्या आत, वेढ्यांच्या खालून फांदीच छाटायची आणि ती खताच्या खड्ड्यात अजिबात टाकायची नाही. माळीदादांना तसं सांगितलंय. एक फांदी मात्र थंडीतली पांढरी फुलं बघेपर्यंत राखायला लावली आहे.

अशीच दिसणारी, पण हिरवट आणि चक्क दालचिनीच्या कुळातली आकाशवेल समुद्रकाठच्या झुडपांवर असते म्हणे. आता ती गाठायची!