संन्याशाला सुळी

घरातील एखादे यंत्र बिघडले की त्याच्यापेक्षा अधिक वेगाने घरातील माणसांची मने बिघडतात, असा माझा अनुभव आहे. कारखान्याच्या विद्युत देखभाल विभागात माझी पस्तीस वर्षे गेली. तेथेही यंत्र बंद पडले की 'काय बिघडले?' हा प्रश्न मागाहून येई, 'कोणी बिघडवले?' हा अगोदर. एकदा आरोपी ठरला की तपास संपतो आणि खरा दोष जागच्या जागी सुखाने नांदत राहतो. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचा हा व्यवहार किती सहज घडतो, याचे एक उदाहरण गेल्या पावसाळ्यानंतर माझ्या बहिणीच्या घरी पाहावयास मिळाले. त्यात एका संगणकाची कहाणी आहे, आणि त्याहून थोडे अधिकही आहे.

वसईला राहणारी माझी थोरली बहीण, तिचे यजमान आणि एकोणीस वर्षांचा मुलगा असे ते छोटे कुटुंब. घरी सात वर्षांपूर्वीचा एक संगणक. मुलाला ॲनिमेशनची आवड. लग्नसमारंभांच्या चित्रफितींचे संकलन करून त्याने चार पैसे साठवले आणि आदल्या वर्षी एक वापरलेले ग्राफिक्स कार्ड विकत घेतले. 'आरटीएक्स ३०७०' हे त्याचे नाव. या कार्डावर मोठमोठे गेम खेळता येतात, तसेच ॲनिमेशनची चित्रेही भराभर तयार होतात. परंतु काही महिन्यांतच संगणक ऐन रंगात आला असता एकाएकी काळा पडू लागला. कधी आपोआप पुन्हा सुरू होई, कधी निपचित पडून राही.

भावोजींनी निकाल देऊन टाकला होता, "गेम खेळून खेळून यंत्राची वाट लावली." दुकानदाराने यंत्र पंधरा मिनिटे पाहिले आणि कार्ड निकामी झाले आहे, नवे घ्या, असे सांगितले. भावोजींच्या मनात संगणकच विकून टाकावा असे आले. इकडे मुलाला एका कलासंस्थेत प्रवेशासाठी आपल्या कामाचे नमुने पाठवायचे होते; मुदतीस बारा दिवस उरले होते. बापलेकांचे बोलणे बंद. जेवणाची ताटे वेगवेगळ्या वेळी वाढली जात होती. ताईने मला बोलावले ते संगणकासाठी. निदान तसे ती म्हणाली.

जाणता वैद्य औषधाआधी रोग्याला बोलते करतो. मी मुलाला विचारले, "हे नेमके केव्हा घडते?"

"गेम जोरात आला की, मामा. दहा-पंधरा मिनिटांत."

"आणि गेम नसताना?"

तो क्षणभर थांबला. "ॲनिमेशनचे रेंडरिंग लावले की तेव्हाही जातो. चित्रपट पाहताना किंवा टाइप करताना मात्र कधीच नाही."

"हे बाबांना सांगितलेस?"

"सांगून खरे कोणाला वाटणार होते?"

वाचकहो, या एका उत्तराने गेमवरचा आरोप निम्मा गळून पडला. गेम आणि रेंडरिंग या दोन भिन्न गोष्टी. त्यांत समान काय, तर दोन्ही यंत्रावर मोठा भार टाकतात. म्हणजे शोध घ्यायचा तो भाराचा.

संगणकाच्या स्वतःच्या नोंदवहीत, विंडोजच्या 'इव्हेंट व्ह्यूअर'मध्ये, प्रत्येक वेळी 'कर्नल-पॉवर ४१' अशी नोंद होती. ही नोंद पाहून अनेक जण वीजपुरवठ्याला लगेच दोषी ठरवतात. पण तिचा अर्थ एवढाच, की यापूर्वी संगणक रीतसर बंद झाला नाही. ती गुन्हा सांगते, गुन्हेगार सांगत नाही. मात्र तिच्यातील दोषाचा आकडा शून्य होता आणि निळा पडदाही कधी आला नव्हता. विंडोजला काही लिहून ठेवण्याइतकीही उसंत मिळाली नाही, हा धागा उपयोगाचा होता.

मग एकेका संशयिताला बाजूला काढण्यास आरंभ केला. पहिला संशय उष्णतेचा. धूळ झाडली, पंखे पाहिले, तापमान मोजले. बंद पडण्याच्या क्षणापूर्वी कार्ड ७२ अंशांवर आणि प्रोसेसर ६८ अंशांवर होता, दोन्ही मर्यादेत. दुसरा संशय स्मृतीचा, म्हणजे रॅमचा. रात्रभर 'मेमटेस्ट' चालवली. चार फेऱ्यांत एकही चूक नाही. तिसरा संशय भिंतीतल्या विजेचा. एक्स्टेंशन बोर्ड काढून संगणक थेट भिंतीच्या सॉकेटला जोडला. दाब २२६ ते २३१ व्होल्ट होता, अर्थिंग ठीक होते. संगणक काळा पडला तेव्हा त्याच बोर्डावरचा दिवा किंचितही लुकलुकला नाही.

आता उरला तो पेटीच्या कोपऱ्यात बसलेला वीजपुरवठ्याचा डबा. आपल्याकडे त्याला सगळे एसएमपीएस म्हणतात. भिंतीतून येणाऱ्या २३० व्होल्टच्या उलटसुलट प्रवाहाचे १२, ५ आणि ३.३ व्होल्टच्या एकदिश प्रवाहात रूपांतर करणे हे त्याचे काम. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड हे दोघे मोठे खादाड मुख्यतः १२ व्होल्टच्या वाटेवर जेवतात. ही वाट ११.४ ते १२.६ व्होल्टच्या दरम्यान राहावी असा दंडक आहे. दाब मर्यादेबाहेर गेला की 'वीज ठीक आहे' असा मदरबोर्डला मिळणारा इशारा थांबतो आणि यंत्र त्या क्षणी मान टाकते. संगणकाला ना तक्रार करता येते, ना निरोप ठेवता येतो.

मोकळ्या असलेल्या चार टाचण्यांच्या प्लगमध्ये, पिवळ्या आणि काळ्या वायरीवर, मल्टिमीटर लावला. संगणक स्वस्थ असताना १२.०४ व्होल्ट. केवळ प्रोसेसरवर अर्धा तास भार टाकला, दाब ११.९ च्या खाली गेला नाही. केवळ कार्डावर भार टाकला, ११.६ वर येऊन स्थिरावला. मग दोघांना एकदम कामाला लावले. आकडा उतरत उतरत ११.३१ वर आला आणि पडदा काळा झाला. मल्टिमीटर सेकंदाला दोन-तीनदाच आकडा दाखवतो. कार्डाची भूक तर सेकंदाच्या हजाराव्या भागात सरासरीच्या बरीच वर उसळते. म्हणजे आम्हाला दिसला त्याहून खोल खड्डा प्रत्यक्षात पडत असणार.

तरीही निकाल देण्याची घाई मी केली नाही. दोष कार्डातच असून तेच भलता प्रवाह ओढत असेल, अशी शंका कोणीही घेऊ शकला असता. म्हणून कार्डाची वीजमर्यादा ७० टक्क्यांवर आणली. संगणक दोन तास सुरळीत चालला. पण अर्धपोटी ठेवल्यावर आजारी माणूसही शांत पडून राहतो. खरा पुरावा अदलाबदलीचाच. शेजारच्या एका तरुणाने आपला ६५० वॅटचा एसएमपीएस एका दिवसापुरता दिला. तो जोडून कार्डाची मर्यादा पूर्ववत केली आणि सगळा भार एकदम टाकला. तीन तास झाले. यंत्र डगमगले नाही. जुना डबा परत बसवला. अकराव्या मिनिटाला अंधार. दुकानदाराने मृत ठरवलेले कार्ड ठणठणीत होते.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. एसएमपीएसचा डबा घरी उघडू नये. प्लग काढल्यावरही त्यातील कपॅसिटरमध्ये तीनशेहून अधिक व्होल्टचा साठा काही काळ राहू शकतो आणि तो जिवावर बेततो. तपासणी बाहेरूनच करावी, आणि डबा बदलावा तो पूर्ण.

आता अवघड काम उरले होते. कार्ड घेतले तेव्हाच मुलाने एसएमपीएसही बदलण्याचा आग्रह धरला होता, हे ताईने मला एकीकडे सांगितले. "चालतोय ना? मग चालती वस्तू फेकायची कशाला?" असे म्हणून भावोजींनी तो विषय संपवला होता. यात त्यांचे काय चुकले? आमच्या पिढीने काटकसरीवरच घरे उभी केली. डब्यावर ४५० वॅट असे ठळक छापलेले होते. कार्डाचे २२० आणि उरलेल्या यंत्राचे सव्वाशे धरले तरी हिशेब बसत होता.

मी भावोजींना काही सांगितले नाही. तो डबा त्यांच्या पुढ्यात ठेवला आणि म्हणालो, "भावोजी, माझा चष्मा राहिला घरी. यावरची बारीक अक्षरे जरा वाचता का?" बँकेत उभी हयात आकड्यांत घालवलेला माणूस. त्यांनी वाचले, "१२ व्होल्ट, २८ अँपिअर." मग स्वतःच गुणाकार केला, "तीनशे छत्तीस." आणि ते थांबले. मोठ्या अक्षरांतले ४५० सगळ्या वाटांची बेरीज होती. ज्या वाटेवर खरा भार होता तिच्या वाट्याला ३३६ वॅटच आले होते, आणि तेही डबा नवा असताना. सात उन्हाळ्यांच्या उष्णतेने आतले कपॅसिटर थकले होते. या कार्डासाठी ६५० वॅटचा एसएमपीएस असावा, असे निर्माती कंपनीही सांगते.

भावोजी बराच वेळ त्या डब्याकडे पाहत राहिले. "म्हणजे गेमने काही केले नाही," ते हळूच म्हणाले. मी म्हटले, "गेमने फक्त दाखवून दिले."

मला वाटते, घरातील माणसांचेही असेच असते. जो आवाज करतो त्याच्यावर आळ येतो. जो मुकाट्याने सगळ्यांना पुरवीत राहतो त्याच्याकडे कोणी पाहत नाही. रोजच्या साध्या दिवसांत त्याची दमछाक कळत नाही, आणि भार वाढला की तो न बोलता कोसळतो. त्या डब्याकडे पाहताना मला ताईची आठवण झाली. दोन वेळची ताटे दोनदा वाढणारी ती, कोणाचीच बाजू न घेता, गेले कित्येक दिवस दोघांचा भार एकटी वाहत होती. तिचा दाब मोजण्याचे कोणाच्या मनात आले नव्हते.

दुसऱ्या दिवशी भावोजी स्वतः मुलाला घेऊन बाजारात गेले आणि ६५० वॅटचा चांगला एसएमपीएस घेऊन आले. क्षमेची भाषा दोघांनाही येत नाही. मुलगा वायरी बसवीत होता तेव्हा भावोजी बॅटरी धरून शेजारी उभे होते आणि कोणती वायर कोठे जाते हे विचारत होते. मुलगा समजावून सांगत होता. रेंडरिंग सलग रात्रभर चालले. मुदतीच्या दोन दिवस आधी त्याचे काम संस्थेकडे रवाना झाले. आणि त्या रात्री ताईने तिन्ही ताटे एकदमच वाढली.