निर्भीड म्हणजे निर्भय नव्हे!

गेले चार दिवस मला दुसरं काही सुचत नाहीये. भेटेल त्याला धरून विचारतेय, "निर्भय आणि निर्भीड यांत फरक काय, सांग बघू!" मला अक्षरशः खजिना सापडलाय!

झालं असं, की आमच्या शेजारचे एसटीतले कंडक्टरकाका निवृत्त झाले आणि त्यांचं मानपत्र लिहायचं काम माझ्याकडे आलं. पहिलं वाक्य लिहिलं, 'आपण अत्यंत प्रामाणिक आहात.' पुढे पेन हलेना. आईला वाचून दाखवलं, तर भाजी निवडता निवडता ती म्हणाली, "अगं, हे तर सगळ्यांच्याच मानपत्रात असतं. यात आपले काका कुठे आहेत?"

खरंच होतं ते. वाक्य खोडलं. मग बाबांच्या कपाटातून मोल्सवर्थचा कोश काढला. १८३१ साली पहिल्यांदा छापलेला, १८५७ साली वाढवून पुन्हा काढलेला तो जाडजूड मराठी-इंग्रजी कोश! एका शब्दावरून दुसऱ्यावर जात राहिले आणि रात्रीचे दोन कधी वाजले, कळलंच नाही.

आधी 'निर्भीड'ने मला खिळवून ठेवलं. इतकी वर्षं मी त्याचा अर्थ 'न घाबरणारा' असाच धरून चालले होते. पण भीड म्हणजे भय नव्हेच! भय परक्याचं, भीड आपल्या माणसाची. ओळख, नातं, उपकार, मोठेपणा यांच्यापुढे जीभ अडखळते ना, ती भीड. वाघापुढे उभा राहणारा माणूस घरच्या पाहुण्यापुढे गप्प बसू शकतो. तो निर्भय खरा, पण निर्भीड नाही!

आणि मग शाळेत वाचलेले रामशास्त्री प्रभुणे एकदम नव्याने दिसले. १७७३ मध्ये शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. न्यायाधीश रामशास्त्र्यांनी खुनाचा ठपका असलेल्या रघुनाथरावांना, म्हणजे नारायणरावांच्या चुलत्यांना, तोंडावर सांगितलं, की या पापाला देहान्ताखेरीज प्रायश्चित्त नाही. समोर शत्रू नव्हता, ज्यांची चाकरी केली त्या घराण्यातलाच माणूस होता. हा निर्भीडपणा! आणि पुढे पद सोडून ते पुण्याबाहेर पडले, त्यासाठी दुसराच शब्द हवा: निःस्पृह. स्पृहा म्हणजे हाव, आस. ती ज्याला नाही, त्याला कशाचं आमिष दाखवणार?

किती शब्द, आणि प्रत्येकाची जात वेगळी! करारी माणसात अरबी-फारसीतून आलेला 'करार' आहे. त्याने जणू स्वतःशीच करार केलेला असतो. बावनकशी माणूस सोनाराच्या कसोटीच्या दगडावरून आलाय. ऋजू म्हणजे सरळ, आणि त्यावरूनच 'आर्जव'. गीतेत दैवी गुणांमध्ये मोजलेलं आर्जव म्हणजे वागण्यातला सरळपणा. मराठीत मात्र आपण आर्जवं करतो ती विनवणीची! शब्दाचा हा प्रवास कळला तेव्हा मी पलंगावर उठूनच बसले.

पण माझं मानपत्र पूर्ण केलं ते 'पापभीरू'ने. भिण्याचं कौतुक करणारा शब्द! आणि काका डोळ्यांसमोर उभे राहिले. सुट्टे नसले की ते तिकिटाच्या मागे पेनाने लिहायचे, 'बाकी ७'. एकदा एक आजोबा खिडकीला डोकं टेकून झोपी गेले होते. त्यांचा थांबा यायच्या आधी काका गर्दीतून वाट काढत मागे गेले, त्यांना हलवून उठवलं आणि सात रुपये तळहातावर मोजून ठेवले. आजोबा तर विसरूनही गेले होते! दुसऱ्याचे सात रुपये आपल्याकडे राहतील, याची काकांना भीती.

त्याच बसमध्ये मी हेही पाहिलंय. काकांच्या सख्ख्या मेव्हण्याने तेरा वर्षांच्या मुलाचं अर्धं तिकीट मागितलं. काका शांतपणे म्हणाले, "बारा पूर्ण झाली की फुल तिकीट." आणि दिलं फुल तिकीट. मेव्हण्याचा चेहरा उतरला, काकांचा हात थांबला नाही.

पापाला भिणारा आणि माणसाची भीड न धरणारा, एकाच खाकी गणवेशात! हे दोन शब्द शेजारी ठेवले आणि मला काका कळले. इतकी वर्षं रोज बघत होते, पण शब्द नव्हते म्हणून नीट दिसलेच नव्हते.

मानपत्रात ते सात रुपये लिहिले, ते फुल तिकीटही लिहिलं. शेवटी खोडलेल्या 'प्रामाणिक'पाशी परत आले. त्यालाही कोशात शोधलं. त्यात 'प्रमाण' आहे! प्रमाण म्हणजे पुरावा, माप. ज्याच्यावर विसंबावं, ज्याच्यावरून इतरांनी आपलं माप घ्यावं, तो प्रामाणिक. शब्द झिजला नव्हताच, मीच तो न बघता वापरत होते. खोडलेलं वाक्य पुन्हा लिहिलं, या वेळी अगदी शेवटी.

आईने वाचलं. भाजीची परात बाजूला सारून म्हणाली, "हे काका."