संथ आजार आणि माझी घाई

चेहरा एकदम लालबुंद होतो पण घाम येत नाही, हे काकूंनी मला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. मी ते केसपेपरवर लिहूनही घेतलं. पाळी थांबतानाच्या गरम लाटांमध्ये बहुतेकदा घाम फुटतो, ही कोरडी लाली वेगळी, हे मात्र मनात आलं नाही. जुलाबांना मी आयबीएस (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम) म्हटलं. झोपेतून उठवणारे, उपाशीपोटीही न थांबणारे जुलाब सहसा आयबीएसचे नसतात, हे मी स्वतः विद्यार्थ्यांना शिकवत आलो आहे. मधूनच छाती घरघरायची. जयपूरच्या उन्हाळ्यात धूळ कुणाला चुकते, असं म्हणून पंप लिहून दिला. प्रत्येक तक्रारीला स्वतंत्र कारण मिळालं, म्हणून सगळ्यांचं मिळून एक कारण मी शोधलंच नाही.

ते कारण लहान आतड्यात होतं. तिथली न्यूरोएंडोक्राइन गाठ सेरोटोनिनसारखी द्रव्यं रक्तात सोडते. यकृत ती निकामी करतं, त्यामुळे बराच काळ रोग्याला काहीच जाणवत नाही. गाठ यकृतात पसरली की ही द्रव्यं थेट शरीरभर जातात आणि लाली, जुलाब, घरघर सुरू होते. म्हणजे काकू माझ्याकडे आल्या तेव्हाच आजार पसरलेला असणार. तरीही मी घालवलेला काळ त्यांचाच होता. १९०७ मध्ये विकृतिशास्त्रज्ञ ओबर्नडॉर्फर यांनी या गाठींचं वर्णन केलं तेव्हा त्यांना त्या निरुपद्रवी वाटल्या होत्या. १९२९ मध्ये त्यांनीच ते मत सुधारलं.

अखेर सोनोग्राफीत यकृतभर गाठी दिसल्या आणि मी ओबर्नडॉर्फर यांच्या अगदी उलट चूक केली. बायोप्सीचा रिपोर्ट यायचा होता. काकूंच्या मुलाने विचारलं, “सर, किती वेळ आहे?” मी म्हणालो, “सहा महिने धरून चाला.” हे वाक्य मला आजही छळतं. पेशी किती वेगाने वाढताहेत हे सांगणारा केआय-६७ आकडा नंतर आला, तो २ टक्के होता. ३ टक्क्यांच्या आत पहिली श्रेणी, २० टक्क्यांच्या वर तिसरी. पहिल्या श्रेणीचे रुग्ण आजार पसरलेला असतानाही अनेक वर्षं जगतात. मी मुलाला रिपोर्ट दिला, पण माझे सहा महिने परत घेतले नाहीत. त्याने रिपोर्ट वाचला असेल तर त्याला कळलंच असेल, असं मी गृहीत धरलं.

काकूंचं दर महिन्याचं ऑक्ट्रिओटाइडचं इंजेक्शन सुरू झालं. जुलाब कमी झाले. मग २०२० चा लॉकडाऊन आला आणि २९ एप्रिलला अभिनेते इरफान खान गेले. टोंक-जयपूरचे इरफान इथल्या माणसांना घरचे वाटायचे. चारच दिवस आधी त्यांच्या आई जयपूरमध्ये वारल्या होत्या. इरफान यांच्या मृत्यूच्या बातमीने काकूंच्या घरावर काय गुदरलं असेल, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. इरफान यांनाही न्यूरोएंडोक्राइन गाठच होती; मुलाच्या लेखी आजाराचं नाव तेच होतं आणि मुदत मी दिलेली होती. आपला आजार ‘हाय ग्रेड’ असल्याचं इरफान यांनी स्वतः २०१८ मध्ये लिहिलं होतं. काकूंचा तसा नव्हता. एका फोनवर हे सांगता आलं असतं. मी फोन केला नाही. महागडं इंजेक्शन घरच्यांनी बंद केलं. इंजेक्शन चुकतंय ते वाहनांअभावी, असं मी समजत राहिलो.

काकू परत आल्या तेव्हा घाबरून मी या गाठींचा माग देणाऱ्या क्रोमोग्रॅनिनची रक्ततपासणी केली. आकडा प्रचंड आला. पँटोप्राझोल ही पित्ताची गोळी चालू असली की तो खोटाच वाढतो, आणि ती गोळी माझ्याच चिठ्ठीवरची होती. आणखी एक आठवडा त्या घराने भीतीत काढला.

पुढचं काम जाणत्यांच्या हाती गेलं. गॅलियम डोटाटेट पेट स्कॅनमध्ये सगळ्या गाठी उजळल्या. याचा अर्थ त्यांच्यावर सोमॅटोस्टॅटिन या संप्रेरकाचे ग्राही भरपूर होते, आणि त्याच वाटेने किरणोत्सारी ल्युटेशियम-१७७ गाठींपर्यंत पोचवता येणार होतं. आपल्याकडे हे ल्युटेशियम तुर्भ्याच्या ध्रुव अणुभट्टीतही तयार होतं. त्याचे किरण ऊतींत जेमतेम २ मिलिमीटर जातात. मूत्रपिंडं जपण्यासाठी सोबत अमिनो आम्लांचं सलाइन चढवतात. आठ-आठ आठवड्यांच्या अंतराने चार मात्रा झाल्या. गाठी गेल्या नाहीत, पण वाढायच्या थांबल्या.

हृदयाचा इको मात्र मी फार उशिरा करायला सांगितला. सेरोटोनिनने उजव्या बाजूच्या झडपा जाड होतात, हे मला ठाऊक होतं. काकूंच्या पायांवर सूज आली तेव्हा कुठे मी ती चिठ्ठी लिहिली. ट्रायकस्पिड झडप गळत होती. मुलाला समोर बसवून मी झडपेबद्दल सांगितलं, आणि सहा महिन्यांचं ते वाक्य चुकीचं होतं, हेही सांगितलं. तो म्हणाला, “आईला तुम्हीच सांगा.” मी त्यांच्या घरी जाऊन सांगितलं.