पोटदुखीचे खरे नाव

सन २०२२ च्या डिसेंबरात आमच्या मुलाचे पोट रोज सकाळी सातच्या सुमारास दुखू लागले. रविवारी मात्र ते दुखत नसे. हा भेद आमच्या ध्यानात आला आणि त्यावरून आम्ही उभयतांनी जो निष्कर्ष काढला, तो चुकीचा होता. 'ही सारी शाळा चुकवायची नाटके आहेत,' असे आम्ही ठरवून टाकले. आज मागे वळून पाहताना या गोष्टीची आम्हांला लाज वाटते. तरीही ती लिहून काढावीशी वाटते, कारण असे सोपे निष्कर्ष वसईतल्या आमच्या एकट्याच्याच घरात निघत असतील, असे काही नाही.

मुलगा तेव्हा दहावीत होता. त्याचे आठवीचे वर्ष, म्हणजे २०२०-२१, करोनामुळे घरी मोबाइलसमोर बसून गेले. नववीचेही बरेच दिवस तसेच सरले. लिहिण्याचा सराव मोडला, वर्गात उभे राहून उत्तर देण्याची सवय सुटली. अशा अवस्थेत तो दहावीच्या उंबरठ्यावर येऊन पोहोचला. आम्ही मात्र शिकवणी लावली, पहाटेचा गजर लावला आणि आपले कर्तव्य पार पडले असे समजलो. रविवारी मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात कोणी भेटले, की पहिला प्रश्न ठरलेला असे : "मग, यंदा दहावी ना? किती टक्के आणणार?" मुलगा हसून मान खाली घाली. ते हसू किती कष्टाचे होते, हे शेजारी उभे राहूनही आम्हांला दिसले नाही.

पोटदुखी थांबेना म्हणून डॉक्टरांकडे नेले. तपासण्या झाल्या, सोनोग्राफी झाली. काहीच दोष निघाला नाही. त्यामुळे आमचा संशय अधिकच पक्का झाला. त्यातच गणिताच्या चाळीस गुणांच्या एका चाचणीत त्याला नऊ गुण मिळाल्याचे शिक्षकांकडून कळले. उत्तरपत्रिका त्याने माळ्यावर जुन्या गोधड्यांखाली लपवली होती. त्या संध्याकाळी आमच्यातल्या बापाचा तोल सुटला. शब्दांवर शब्द चढले. आमच्यातली आई मध्ये पडली नाही, उलट तिनेही दोन शब्द घातले. मुलगा काही न बोलता चपला न घालताच घराबाहेर पडला.

अर्धा तास आम्ही रागातच होतो. मग अंधार पडला. आमच्या वाडीत जुनी विहीर आहे, हे दोघांनाही एकदम आठवले. घरापासून विहिरीपर्यंतचे अंतर दीडशे पावलांचे असेल. त्या दीडशे पावलांत आम्ही जे जे भोगले, ते शब्दांत मांडण्याची आमची शक्ती नाही. मुलगा विहिरीपलीकडे, पाण्याच्या हौदाशी केळीच्या बुंध्याला टेकून बसला होता. सुखरूप होता. "घरी चल," असे म्हटल्यावर तो एवढेच म्हणाला, "मला घरात यायची भीती वाटते."

परीक्षेची भीती वाटते, असे तो म्हणाला असता तर आम्ही समजूत घातली असती. घराच्या भीतीवर आमच्यापाशी उत्तर नव्हते.

उत्तर होते ते त्याच्या आजीपाशी. आम्ही त्याला घेऊन आत आलो, तेव्हा तिने आमच्याकडे एकदा पाहिले आणि त्याला आपल्याशेजारी पाटावर बसवून घेतले. पुढ्यात वालाच्या शेंगांचे सूप होते. "एवढे सोलून दे रे," इतकेच ती म्हणाली. काय झाले, का झाले, एकही प्रश्न नाही. दोघे मुकाट्याने शेंगा सोलत राहिले. हात कामात गुंतले, श्वास हळूहळू संथ झाला, चेहऱ्यावरचा ताठरपणा ओसरला. बऱ्याच वेळाने तो आपण होऊन बोलू लागला. प्रश्नपत्रिका हातात आली की अक्षरे हलल्यासारखी दिसतात, हातांना घाम सुटतो, पोटात पीळ पडतो, असे तो सांगत होता. आम्ही दाराआड उभे राहून ऐकत होतो.

पुढे एका समुपदेशिकेचा सल्ला घेतला आणि काही वाचनही केले, तेव्हा आजीच्या त्या साध्या कृतीमागचे शास्त्र उमगले. हार्वर्ड विद्यापीठातील शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस क्ष-किरणांच्या साह्याने मांजरांच्या पचनक्रियेचा अभ्यास केला. मांजर घाबरले किंवा चिडले की त्याच्या जठराची हालचाल थांबते, असे त्यांना दिसले. संकटाची चाहूल लागताच शरीर रक्त आणि शक्ती स्नायूंकडे वळवते, हृदय जलद धडधडते आणि पचनासारखी कामे बाजूला पडतात. लढावे किंवा पळून जावे, यासाठीची ही निसर्गाची तयारी असते. शरीराच्या दृष्टीने समोर वाघ आहे की बीजगणिताचा पेपर, याने फारसा फरक पडत नाही. म्हणजे आमच्या मुलाचे पोट खरोखरच दुखत होते. सोनोग्राफीत न दिसणारे दुखणे खोटे ठरत नाही, एवढे साधे सत्य आम्ही फार उशिरा शिकलो.

दुसरी गोष्ट श्वासाची. भीतीने धावणाऱ्या हृदयाला नुसत्या आज्ञेने थांबवता येत नाही. श्वास मात्र काही अंशी आपल्या ताब्यात असतो. श्वास सोडताना हृदयाची गती किंचित मंदावते. म्हणून चार आकडे मोजून श्वास घ्यायचा आणि सहा आकडे मोजून सावकाश सोडायचा, असे दहा वेळा करायचे, हा पाठ समुपदेशिकेने दिला. मुलाने पहिल्या दिवशी तो हसण्यावारी नेला. मग आम्हीही त्याच्याबरोबर बसू लागलो. तो मन शांत असतानाच गिरवावा लागतो, ऐन परीक्षेत तो प्रथमच करून भागत नाही, हेही अनुभवाने कळले.

तिसरी गोष्ट आम्हांला सर्वांत मोलाची वाटते. ती म्हणजे भावनेला नाव देणे. मॅथ्यू लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे आढळले, की मनातील भावनेला शब्दाने संबोधले असता मेंदूतील भीतीशी निगडित असलेल्या भागाची खळबळ कमी होते. हे वाचले आणि आमचे लक्ष आमच्याच भाषेकडे गेले. मराठीत यासाठी किती शब्द आहेत! घालमेल, धास्ती, हुरहूर, चडफड, तगमग, ओशाळणे, हिरमुसणे, कानकोंडे होणे, जीव टांगणीला लागणे. प्रत्येकाची छटा निराळी. एवढी श्रीमंती पदरी असताना आम्ही मुलाला दोनच शब्द दिले होते : 'नाटक' आणि 'आळस'. ज्या वेदनेला घरात नाव नव्हते, ती बिचारी पोटात जाऊन बसली.

मग रात्रीच्या जेवणानंतर दहा मिनिटे आम्ही सारे एकत्र बसू लागलो. त्या दिवशी कोणाच्या मनात काय आले, ते ज्याने त्याने सांगावे. दुसऱ्याने उपदेश करू नये, एवढाच नियम. जेवताना गुणांचा विषय काढायचा नाही, हा दुसरा. राग आला तर मोठ्यांनी आधी बाहेर ओटीवर जाऊन यायचे, हा तिसरा. फेब्रुवारीत आमच्यातल्या बापाने हा तिसरा नियम दोनदा मोडला आणि दोन्ही वेळा मुलाची क्षमा मागितली. मुलाची क्षमा मागताना बापाचा मान कमी होत नाही, हेही शिकण्यासारखेच होते. आपण स्वतः पेटलेले असताना मुलाला 'शांत हो' म्हणणे व्यर्थ आहे. मूल आधी आपला चेहरा वाचते, शब्द नंतर ऐकते.

मार्च २०२३ मध्ये परीक्षा झाली. पहिल्या पेपराच्या सकाळी पोट दुखलेच. "धास्ती आहे," तो म्हणाला, दहा श्वास घेतले आणि निघाला. त्याला किती टक्के मिळाले, हे आम्ही येथे मुद्दाम लिहीत नाही.

एक गोष्ट मात्र वाचकांना आवर्जून सांगावीशी वाटते. शेंगा सोलून आणि श्वास मोजून प्रत्येक मुलाचे दुखणे हलके होईलच, असे नाही. मुलाची झोप, भूक, खेळ, मित्र हे सारे आठवड्यांमागून आठवडे तुटत चालले असेल, किंवा जगण्याचा कंटाळा आल्याची भाषा त्याच्या तोंडी एकदाही आली असेल, तर 'लोक काय म्हणतील' याचा विचार न करता तज्ज्ञ डॉक्टरांकडे जावे. केंद्र शासनाने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली टेली-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य उपलब्ध आहे. संकटातील मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे. आमच्या विहिरीपलीकडे हौद होता, म्हणून आम्ही हा लेख लिहू शकलो. ही जाणीव आम्हांला अजूनही काही रात्री झोपू देत नाही.

गेल्या पावसाळ्यात आजीला रुग्णालयात हलवावे लागले. रात्री बाहेरच्या बाकावर आम्ही दोघे गप्प बसलो होतो. मुलगा चहा घेऊन आला आणि शेजारी टेकला. थोड्या वेळाने म्हणाला, "बाबा, आई, तुमचा जीव टांगणीला लागलाय ना? माझाही."

आम्ही होय म्हणालो. मग तिघांनी सावकाश श्वास सोडला. आजी चार दिवसांनी घरी आली. आता ती पाटावर बसत नाही, खुर्चीवर बसते. पण वालाच्या शेंगा तिच्या पुढ्यात आल्या, की अजूनही कोणी ना कोणी तिच्याशेजारी जाऊन बसते.